चार्ल्स लडलम: छातीवरचे केस दिसत असताना 'कॅमिल' होऊन रडवणारा नट (आणि आमच्या गटाचा एक प्रश्न)

पडद्यामागची:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय कारण डोक्यात एकच विषय घोळतोय आणि घरचे आता ऐकून घेईनासे झालेत.

मी न्यू जर्सीत राहते, इथल्या एका मराठी हौशी नाट्यगटात बॅकस्टेज बघते. गेल्या वर्षी शेजारच्या गावातल्या अमेरिकन हौशी मंडळींनी 'द मिस्ट्री ऑफ इर्मा वेप' हे नाटक बसवलं, त्यांना कपडे बदलायला हात कमी पडत होते म्हणून मी गेले. नट फक्त दोन. पात्रं सात-आठ, त्यात पुरुषही आणि बायकाही. एक नट लाकडी पायाचा गडी म्हणून लंगडत एका दारातून आत जातो आणि काही सेकंदांत दुसऱ्या दारातून रेशमी गाऊन घातलेली लेडी एनिड होऊन बाहेर येतो. कपडे बदलणं सगळं मिळून ३५ च्या आसपास वेळा! आम्ही दोघी विंगेत गुडघ्यावर बसायचो, कपाळाला छोटा टॉर्च, हातात मागून पूर्ण उघडा असलेला गाऊन दोन्ही बाह्या पुढे करून धरलेला, नट धावत येऊन सरळ त्यात हात घालायचा, पाठीला वेल्क्रो चर्रकन लावायची, डोक्यावर विग, पाठीवर थाप, की गेला बाहेर. बोलायला वेळच नाही, थाप म्हणजे 'सगळं लागलंय, जा'. पहिल्या प्रयोगाला विग तिरका बसला तर माझ्या पोटात गोळा आला होता.

मग मी लेखकाच्या मागे लागले. चार्ल्स लडलम, जन्म १२ एप्रिल १९४३, लाँग आयलंड. २९ नाटकं लिहिली, बहुतेकांत स्वतः काम केलं, दिग्दर्शन केलं, २० वर्षं स्वतःची कंपनी चालवली, रिडिक्युलस थिएट्रिकल कंपनी. २८ मे १९८७ ला एड्सने गेला, वय ४४. जुने सिनेमे, ऑपेरा, शेक्सपिअर, भुताखेतांच्या स्वस्त कादंबऱ्या, सगळं एका कढईत घालायचा. त्याला तिकडे कॅम्प म्हणतात. आपल्याकडे नेमका शब्द नाही, भडक, नटवं, अतिरेकी, पण मनापासून केलेलं, असं काहीतरी.

तर प्रश्न असा. मी आमच्या गटात म्हटलं की इर्मा वेप मराठीत करूया. निम्मे लोक म्हणाले पुरुषाने साडी नेसून हशे मिळवायचे ते आता नको, ते बायकांची टिंगल करणं आहे. मला ते पटत नाहीये पण उत्तरही नीट देता येत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

बंडू_डोंबिवली:
वाचतोय. पहिला नंबर माझा :)

तिसरीघंटा:
चांगला विषय काढलात ताई. माझं मत तुमच्या गटातल्या निम्म्या लोकांच्या बाजूने आहे, आधीच सांगतो. आमच्या लहानपणापासून बघत आलोय, जिथे लेखकाला विनोद सुचला नाही तिथे पुरुषाला लुगडं नेसवलं. मोरूची मावशी मी विजय चव्हाणांची बघितली आहे, पोट दुखेस्तोवर हसलो आहे, त्या माणसाचं टायमिंग देवदत्त होतं. पण त्यानंतर टीव्हीवर जे पीक आलं ते बघवत नाही. तुमचा हा लडलम वेगळा कसा?

मधुमालती:
काका +१. आणि 'मोरूची मावशी' सुद्धा मूळची त्यांचीच, चार्लीज आंट, १८९२ ची. म्हणजे हा प्रकार जुना आहे, लडलमने शोधलेला नाही.

सातारी_जर्दा:
मावशी त्यांची असली तरी मिशा आपल्या होत्या :D

हडसनकाठ:
मी १९८३ ते ८८ न्यू यॉर्कला शिकायला होतो, त्यामुळे हा धागा बघून खुर्चीतून उठलोच. लडलमला मी दोनदा बघितलंय.

त्याचं थिएटर ग्रीनिच व्हिलेजमध्ये, वन शेरिडन स्क्वेअर. तळघर. पायऱ्या उतरून खाली जायचं, दीडशेच्या आसपास खुर्च्या. त्याच तळघरात १९३८ ला कॅफे सोसायटी नावाचा क्लब सुरू झाला होता, काळे-गोरे एकत्र बसू शकतील असा न्यू यॉर्कातला पहिला क्लब, बिली हॉलिडे तिथे गायची. लडलमने ती जागा १९७८ ला घेतली. त्याआधी दहा-अकरा वर्षं बिऱ्हाड पाठीवर, कधी मध्यरात्री सिनेमाच्या थिएटरात, कधी बारमध्ये. सुरुवातीला स्टेजवरची माणसं प्रेक्षकांपेक्षा जास्त असायची असं जुने लोक सांगायचे.

मी इर्मा वेप मूळ संचात बघितलं, म्हणजे लडलम आणि त्याचा जोडीदार एव्हरेट क्विंटन, १९८५ साली. ते कपडे क्विंटननेच केलेले. तिसरीघंटा काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी तिथे बसून अनुभवलंय. पहिली पाच मिनिटं तुम्ही 'पुरुष बाईच्या वेषात' बघता. मग ते डोक्यातून जातं. लेडी एनिड नव्या घरात आलेली सून आहे, नवऱ्याची पहिली बायको इर्मा वेप मेलेली, तिची तसबीर भिंतीवर, घरातली मोलकरीण आल्यापासून पाण्यात बघतेय. लडलम ती सून इतकी खरी करायचा की तिची काळजी वाटायची. हसू यायचं ते त्या घराला, त्या लांडग्या-भुतांच्या गोष्टीला. बाई असण्याला नाही.

तिसरीघंटा:
प्रत्यक्ष बघितलेल्या माणसापुढे काय बोलणार. तरी एक. तुम्ही म्हणता 'पुरुष आहे हे डोक्यातून जातं'. ते तर बालगंधर्वांनीही केलं. मग त्यात नवीन काय?

पडद्यामागची:
काका, हाच तर मुद्दा आहे! बालगंधर्व पुरुष लपवायचे. भामिनी, रुक्मिणी, सिंधू, प्रेक्षकातल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकल्या म्हणतात. लडलमने १९७३ ला 'कॅमिल' केलं, धाकट्या ड्यूमाची ती क्षयाने मरणारी मार्गरिट, ग्रेटा गार्बोने सिनेमात केलेली. खोल गळ्याचा गाऊन, आणि गळ्यातून छातीवरचे केस सरळ दिसतायत! मुद्दाम ठेवले. म्हणजे सुरुवातीपासून कबुली, हा पुरुष आहे, तुम्हाला फसवत नाहीये. आणि तरी शेवटच्या अंकात मार्गरिट मरते तेव्हा लोक रडायचे. त्या काळच्या समीक्षकांनी हे लिहून ठेवलंय. हसवत हसवत नेऊन तिथे सोडायचा.

मला हे फार मोठं वाटतं. लपवून रडवणं एक. सगळं उघडं ठेवून, तुम्ही हसलात तरी चालेल म्हणून, मग रडवणं वेगळं.

विंगेतला_बाळू:
मी व्यावसायिक नाटकाच्या कपडेपटात २२ वर्षं आहे, या विषयावर मी बोलणारच.

ताई तुमची ती पाठीवरची थाप वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडेही तेच, फक्त आम्ही खांद्यावर दोन बोटं टेकवतो. भराभर कपडे बदलायचं म्हटलं की प्रेक्षकांना वाटतं नट ग्रेट, आणि नट ग्रेट असतोच, पण विंगेत कुठला कपडा कुठे ठेवलाय याचा नकाशा पाठ असावा लागतो, अंधारात एक चप्पल चार बोटं सरकली तर प्रयोग गेला. घाम हा सगळ्यात मोठा शत्रू. ओल्या अंगावरून अस्तर सरकत नाही. म्हणून आम्ही आतून गुळगुळीत कापड लावतो आणि नटाला खाली पातळ बनियन.

आपल्याकडचं मोठं उदाहरण कोणी दिलं नाही अजून याचं आश्चर्य वाटलं. तो मी नव्हेच! १९६२. प्रभाकर पणशीकर पाच भूमिका, लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, राधेश्याम महाराज वगैरे आणि फिरता रंगमंच. तिथे रंगमंच फिरायचा तेवढ्यात माणूस बदलायचा.

बंडू_डोंबिवली:
बाळूदा एकच नंबर. सही रे सही पण घ्या, भरत जाधव. कितव्यांदा बघितलं मोजलं नाही.

मधुमालती:
पण फरक बघा ना. तो मी नव्हेच मध्ये वेषांतर हा कथेचा भाग आहे, माणूस फसवणूक करतोय. इर्मा वेपमध्ये कथेत कोणी वेष बदलत नाहीये, नाटकवालेच बदलतायत आणि प्रेक्षकाला ते माहितीये. हसू आणि थरार तिथे आहे, आता हा परत येईल का वेळेत. मी यूट्यूबवर वेगवेगळ्या गावांचे तुकडे बघितले काल रात्री दोन वाजेपर्यंत, धाग्याला दोष.

शब्दकोडं:
अवांतर पण महत्त्वाचं. IRMA VEP ची अक्षरं फिरवली की इंग्रजीत VAMPIRE होतं. असं लिहिलं तर चालेल ना? रोमन वापरायचं नाही असा इथला नियम आहे, संपादक मंडळ माफ करा, नाहीतर कळणार कसं. तर मराठी करायचं म्हणजे पहिली अडचण हीच. नाव असं हवं की फिरवलं तर भूत निघालं पाहिजे. लावा डोकं.

सातारी_जर्दा:
मुंजा → जामुं. गुलाबजामचा भाऊ.

बंडू_डोंबिवली:
पिशाच → चपिशा. कोणत्या तरी परदेशी फुटबॉलपटूसारखं वाटतंय.

शब्दकोडं:
सापडलं!!! खवीस → सखवी. आणि वेताळ → ताळवे. सखवी ताळवे! नाव आणि आडनाव दोन्ही भुतं. वाड्याच्या भिंतीवर तसबीर, खाली लिहिलंय 'कै. सौ. सखवी ताळवे'.

पडद्यामागची:
मी ऑफिसात मोठ्याने हसले. शब्दकोडं, हे नाव मी घेतलं. लेखी परवानगी द्या.

शब्दकोडं:
दिली. पहिल्या प्रयोगाचं एक तिकीट द्या बस.

एक_प्रेक्षक:
सगळे हसतायत, मी जरा वेगळं लिहितो, चालेल ना.

कॉलेजात असताना गॅदरिंगला मी एका एकांकिकेत बाईची भूमिका केली. चांगली केली, मला अजूनही वाटतं की चांगली केली. आईची साडी होती, हिरवी, तिने स्वतः नेसवायला शिकवली, निऱ्या कशा धरायच्या ते आरशासमोर उभं करून. दुसऱ्या दिवसापासून पुढची दोन वर्षं मला कॉलेजात माझ्या नावाने कोणी हाक मारली नाही. काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही. एका सरांनी सुद्धा वर्गात तोच शब्द वापरला. मी परत स्टेजवर गेलो नाही.

गणपत पाटलांच्या मुलाखती वाचल्या तेव्हा कळलं की आपण एकटे नाही. तमाशापटांतला नाच्या त्यांनी अमर केला आणि लोकांनी त्यांना खऱ्या आयुष्यातही तेच समजलं, त्यांच्या घरच्यांनाही त्याचा त्रास झाला. नटरंग आला तेव्हा मी थिएटरात शेवटपर्यंत बसू शकलो नव्हतो.

म्हणून मला लडलमबद्दल जे वाचतोय त्याने बरं वाटतंय. मला वाटतं टिंगल कोणाची होते हा प्रश्न साडीचा नाही. ज्याने साडी नेसलीये तो त्या बाईवर प्रेम करतोय का, याचा आहे.

मधुमालती:
दादा, मनापासून लिहिलंत. हिरव्या साडीचं वाचून डोळे भरले. आई आहेत का हो अजून?

एक_प्रेक्षक:
आहे. ८१ वर्षांची. साडी पण आहे.

तिसरीघंटा:
एक_प्रेक्षक, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी वर 'लुगडं नेसवलं' असं जे लिहिलं ते बेफिकिरीने लिहिलं होतं, ते मागे घेतो. माझा राग आळशी लेखकांवर आहे, नटांवर नाही, पण लिहिताना तो नटांवर पडला.

हडसनकाठ, तुम्ही दोनदा बघितलं म्हणालात. दुसरं कोणतं? आणि हा माणूस या सगळ्याकडे वळला कसा तेही सांगा, वाचायला आवडेल.

हडसनकाठ:
काका, लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.

लहानपणी घरासमोरच सिनेमा थिएटर. सहा वर्षांचा असताना जत्रेत आईचा हात सुटला आणि तो पंच अँड जूडीच्या बाहुल्यांच्या खेळापुढे उभा राहिला, ही आठवण तो स्वतः सांगायचा. मग घरी बाहुल्यांचे खेळ. शाळकरी वयातच गावात स्वतःची नाटक मंडळी. पुढे हॉफ्स्ट्रा विद्यापीठात नाटक शिकला, तिथे तो फारच भडक अभिनय करतो ही तक्रार असायची, म्हणून लिहिण्याकडे ढकलला गेला. बाहेर पडल्यावर जॉन व्हॅकारोच्या प्ले-हाऊस ऑफ द रिडिक्युलसमध्ये गेला. १९६७ ला त्याचंच नाटक 'कॉन्क्वेस्ट ऑफ द युनिव्हर्स' बसत असताना व्हॅकारोशी वाजलं, त्याला काढलं, तर निम्मा संच उठून त्याच्याबरोबर बाहेर पडला. ती झाली रिडिक्युलस थिएट्रिकल कंपनी. नाटकाचे हक्क व्हॅकारोकडे राहिले म्हणून त्याने तेच नाटक 'व्हेन क्वीन्स कोलाइड' नावाने केलं. आपल्या नाटक कंपन्यांच्या फुटाफुटीची आठवण येते की नाही?

१९७० ला ब्लूबिअर्ड, तिसरं लिंग तयार करू पाहणारा वेडा शास्त्रज्ञ, तिथून समीक्षक गंभीरपणे बघायला लागले. मग कॅमिल. वॅग्नरच्या ऑपेराचं विडंबन केलं, हॅम्लेट करणाऱ्या फिरत्या नाटक मंडळीवर नाटक लिहिलं, मुलांसाठी एकट्याने पंच अँड जूडी केलं. सहा ओबी, म्हणजे ऑफ-ब्रॉडवे नाटकांचे पुरस्कार, मिळाले.

मी बघितलेलं दुसरं म्हणजे १९८३ चं 'गालास'. ऑपेरा गायिका मारिया कॅलासवर. त्यात तो गायिका, आणि क्विंटन तिची मोलकरीण. इथे छातीचे केस वगैरे नाहीत, इथे तो एका थोर कलावंत बाईचा आवाज जाताना बघतो. मी तेव्हा २३ वर्षांचा, घरापासून लांब, हसायला म्हणून गेलो होतो. पुढच्या वर्षी पिट्सबर्गमध्ये एका इब्सेनला वाहिलेल्या थिएटरने त्याला हेडा गाब्लर करायला बोलावलं, हेडा तोच.

१९८७ चा मे मला आठवतो. त्या उन्हाळ्यात सेंट्रल पार्कात तो शेक्सपिअरचं टायटस अँड्रॉनिकस दिग्दर्शित करणार होता. एझेडटी हे एड्सवरचं पहिलं औषध मार्चमध्येच मंजूर झालं होतं. आजार कळला आणि काही महिन्यांत संपलं, फार थोड्यांना माहीत होतं. न्यू यॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी होती. आमच्या इमारतीतला एक म्हातारा शेजारी जिन्यात पेपर धरून उभा होता, मला बघून पेपर पुढे केला, बोलला काही नाही. त्या वर्षी आमच्या जिन्यात दोन घरं रिकामी झाली होती.

क्विंटनने कंपनी पुढे दहाएक वर्षं नेली, जुनी नाटकं केली, इर्मा वेप १९९८ ला परत उभं केलं. तोही २०२३ ला गेला.

विंगेतला_बाळू:
__/\__

मधुमालती:
काय लिहिलंय हडसनकाठ. वेगळा लेख करा याचा.

एक भर, ब्राझीलमध्ये हेच नाटक १९८६ पासून ११ वर्षं चाललं, तेच दोन नट, मार्को नानिनी आणि नेय लातोराका, गिनीज बुकात नोंद. म्हणजे परक्या भाषेत चालतं हो ताई, घाबरू नका.

सातारी_जर्दा:
११ वर्षं तेच दोन नट? आमच्याकडे ११ प्रयोगांत मालिका मिळाली म्हणून एक जण जातो.

पडद्यामागची:
इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. हडसनकाठ, तुमचा प्रतिसाद मी छापून गटात नेला आणि वाचून दाखवला. कालची मीटिंग सांगते.

विरोध करणाऱ्यांत आमची सगळ्यात जुनी नटी होती, तिचं म्हणणं होतं, आधीच बायकांना चांगल्या भूमिका कमी, त्या पण पुरुष नेणार? हा मुद्दा मला खरंच लागला. मग मी अटी वाचल्या. लडलमच्या नाटकाची अट एवढीच की दोन्ही नट एकाच लिंगाचे हवेत. दोन पुरुष किंवा दोन बायका! हे वाचून दाखवल्यावर ती दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, मग लाकडी पायाचा गडी मी करणार.

तर दोन बायका करतायत. भाषांतर आणि नाव बदलण्यासाठी हक्क असलेल्यांना पत्र धाडलंय, त्यांचं उत्तर येईपर्यंत तालीम नाही, फक्त वाचन. नाव त्यांना समजावून सांगताना खवीस आणि वेताळ म्हणजे कोण यावर पाऊण पान खर्ची पडलं.

तिसरीघंटा:
छातीवरच्या केसांची जागा कशी भरणार? गंमत नाही करत, खरं विचारतोय. तुम्हीच म्हणालात की कबुली हवी.

पडद्यामागची:
काका, काल रात्रभर तोच विचार. गड्याच्या वेषात कुंकू आणि हिरव्या बांगड्या तशाच ठेवायच्या असं तिने सुचवलंय. धोतर, कांबळं, खांद्यावर कुऱ्हाड आणि हातात किणकिणणाऱ्या बांगड्या.

तिसरीघंटा:
वा. हे मी बघायला येईन.

एक_प्रेक्षक:
बांगड्या फार छान. कपडे बदलताना फुटणार नाहीत ना?

विंगेतला_बाळू:
काचेच्या घेऊ नका, प्लास्टिकच्या घ्या, आवाज हवा असेल तर मध्ये दोन धातूच्या घाला. आणि बाईंसाठी शिवलेली नऊवारी घ्या, पण बाजारातली नको, तिला मागे चेन असते, ती अंधारात अडकते. चेन उसवा, कंबरेला रुंद वेल्क्रो लावा, पदर खांद्याला कायमचा टाचून ठेवा. निऱ्यांच्या खाली थोडं वजन शिवा म्हणजे धावताना उडणार नाहीत. माप मला पाठवा, मी एक करून देतो, इकडून कोणी येणारं असेल त्याच्या बॅगेत घाला.

एक_प्रेक्षक:
ताई, माझी बहीण डिसेंबरमध्ये न्यू जर्सीला येतेय. बाळूदादांनी शिवलेली ती आणेल. आणि आईला विचारलं आज. ती म्हणाली हिरवी साडी पण दे, नऊवारीला कापड पुरणार नाही पण लेडी एनिडच्या गाऊनला पदर तरी लागेल.